शेवटची ओळ वाचायला शिकवा

संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक स्लिप (प्रश्नचिठ्ठी) चुकलेल्या प्रोग्रॅमची असावी. कम्पाइल न होणारा प्रोग्रॅम विद्यार्थ्याच्या हातात द्यावा, कम्पायलरने, म्हणजे प्रोग्रॅम तपासून चालण्याजोगा करणाऱ्या सॉफ्टवेअरने, दाखवलेली एरर त्याच्यासमोर ठेवावी आणि नेमकं काय बिनसलंय ते त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून दाखवावं. त्याला गुण असावेत, आणि भरपूर असावेत. विभागाच्या बैठकीत, उजळणी वर्गात, चहा घेताना, जिथे कोणी ऐकून घेईल तिथे मी ही मागणी मांडत आले आहे. आज ती वर्तमानपत्रातून मांडते, कारण हा प्रश्न एकट्या प्राध्यापकांचा नाही. पोटाला चिमटा घेऊन जे पालक मुलांना बीएस्सी कॉम्प्युटर किंवा अभियांत्रिकीला घालतात, त्यांचाही तो आहे.

मी श्रीरामपूर तालुक्यात राहते आणि एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जावा शिकवते. माझ्या वर्गात बेलापूर, टाकळीभान, देवळाली प्रवरा, कोल्हार अशा गावांतून मुलं येतात. बहुतेकांच्या घरी गायी आहेत. पहाटे गोठा आवरायचा, डेअरीला दूध घालायचं आणि मग एसटी गाठायची. दुधाची फॅट दोन पॉइंटांनी का उतरली याचा छडा लावायचा असेल, तर ही मुलं चारा, पाणी, गाय किती दिवसांची व्यालेली आहे, सगळं एकेक करून तपासतात. प्रयोगशाळेत मात्र पडद्यावर एरर दिसली की तपासणं थांबतं. मोबाइलवर फोटो निघतो, तो एआयला जातो, तिकडून आलेली ओळ प्रोग्रॅममध्ये चिकटवली जाते. चाललं तर ठीक, नाही चाललं तर पुन्हा फोटो.

यात मुलांना बोल लावून उपयोग नाही. परीक्षेची पद्धतच त्यांना हे शिकवते. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रात्यक्षिकाच्या स्लिपा ठरलेल्या असतात, त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं एका तुकडीकडून दुसरीकडे जातात. विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेच्या दिवशी टाइप करतो, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, आउटपुट बघतात, एखाददुसरा प्रश्न विचारतात आणि गुण देतात. तीन वर्षांत कधीही त्याला कोणी विचारत नाही की, बाबा, हा प्रोग्रॅम चालला नसता तर तू काय केलं असतंस? आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून विचारतात ते नेमकं हेच. तिथे कोरी फाईल क्वचितच समोर येते. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला, कुठेतरी अडलेला प्रोग्रॅम समोर येतो आणि तो सोडवायचा असतो.

हे माझं म्हणणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण नीट उलगडून दाखवते. ज्यांनी कधी प्रोग्रॅम लिहिला नाही त्यांनीही सोबत यावं. अवघड काही नाही.

आमच्या भागात मुलांना सगळ्यात जवळचा व्यवहार म्हणजे दूध संकलन. प्रत्येक शेतकऱ्याला एक कोड, सकाळ-संध्याकाळची नोंद, लिटर, फॅट, एसएनएफ. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, त्याच्या वर-खाली गेलं की दर हलतो. म्हणून मी पहिल्या तासापासून हाच प्रोग्रॅम घेते. क्लासचं नाव ‘दूधनोंद’, मेथडचं नाव ‘फॅट’. नावं मराठीत, देवनागरीत. जावाला ते चालतं, कारण तिच्यात पहिल्यापासून युनिकोड आहे. प्रयोगशाळेतल्या जुन्या मशीनवर फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे हे कम्पायलरला वेगळं सांगावं लागतं. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून तेही लागत नाही.

आता काम असं: सगळ्या नोंदी फॅटप्रमाणे क्रमाने लावायच्या. एका ओळीत होतं. देवनागरीत लिहायचं तर ते असं दिसेल:

नोंदी.सॉर्ट(कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(न -> न.फॅट()));

यातला ‘न -> न.फॅट()’ हा तुकडा म्हणजे लॅम्डा. बिननावाची छोटी मेथड. ‘नोंद घे, तिची फॅट दे’ एवढंच ती सांगते. अलोन्झो चर्च या गणितज्ञाने १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनावरून हे नाव आलं. जावात ती मार्च २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत दाखल झाली. ही ओळ कम्पाइल होते, चालते, कमी फॅटवाला वर आणि जास्त फॅटवाला खाली अशी यादी मिळते.

मग मी म्हणते, आता उलट करा, जास्त फॅट वर हवी. मुलं शेवटी एक शब्द जोडतात:

नोंदी.सॉर्ट(कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(न -> न.फॅट()).रिव्हर्स्ड());

आणि कम्पायलर अडतो. म्हणतो, ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’. फॅट नावाची मेथड मला सापडत नाही.

इथे वर्गात एकच गलका होतो. ‘मॅडम, मघाशी तर सापडत होती!’ फॅट तीच, क्लास तोच, नोंदी त्याच. जोडलं ते ‘रिव्हर्स्ड’, आणि तक्रार मात्र फॅटबद्दल. मुलं काय करतात? फॅटचं स्पेलिंग तपासतात. कंस मोजतात. क्लास उघडून मेथड खरंच आहे का ते बघतात. अर्धा तास असाच जातो. एरर मात्र एका ओळीची नाही, तिला आणखी ओळी आहेत. खाली लिहिलंय, सिम्बॉल: मेथड फॅट(). त्याच्याही खाली, लोकेशन: व्हेरिएबल न ऑफ टाइप ऑब्जेक्ट. ही शेवटची ओळ वर्गातलं जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि सगळं उत्तर त्या एका ओळीत आहे. कम्पायलर सांगतोय की ‘न’ ही दूधनोंद आहे हे मला कळलेलंच नाही, मी तिला नुसती ‘ऑब्जेक्ट’ समजतोय. आणि ऑब्जेक्टला कसली आली फॅट?

का समजत नाही त्याला? इथे जेनेरिक्स येतात. ‘कम्पेअरिंग’ ही मेथड कुठल्याही प्रकारच्या वस्तूंसाठी चालावी म्हणून तिच्यात प्रकाराच्या जागी ‘टी’ असं अक्षर ठेवलेलं असतं. विकास सोसायटीच्या छापील कर्ज अर्जात कर्जदाराच्या नावाची जागा मोकळी असते, तशी ही मोकळी जागा. एकदा पहिल्या पानावर नाव भरलं की शेवटच्या सहीपर्यंत तेच नाव लागतं. २००४ मध्ये, जावाच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आली. मार्टिन ओडर्स्की, फिलिप वॉडलर, गिलाड ब्राखा आणि डेव्हिड स्टाउटमायर यांनी त्याआधी, १९९८ मध्ये, तिचा आराखडा मांडला होता. टीच्या जागी काय भरायचं हे दर वेळी आपण सांगत नाही, कम्पायलर आजूबाजूला बघून ते ताडतो.

पहिल्या ओळीत त्याला ताडता आलं. ‘नोंदी.सॉर्ट’ला दूधनोंदींची तुलना करणारा कम्पॅरेटर हवा होता, आणि ‘कम्पेअरिंग’ थेट त्याच जागी बसलेलं होतं. म्हणजे टी म्हणजे दूधनोंद. दुसऱ्या ओळीत सॉर्टला जे हवंय ते ‘रिव्हर्स्ड’कडून मिळणार आहे. ‘कम्पेअरिंग’ आता टिंबाच्या डावीकडे एकटं उभं आहे. त्याच्याकडून कोणाला काय हवंय हे सांगणारं तिथे कोणी नाही. लॅम्डातून काही कळावं, तर तिथेही ‘न’ला प्रकार लिहिलेला नाही; लॅम्डाच उलट प्रकार कळण्याची वाट बघतेय. कुठूनच पत्ता लागला नाही, तेव्हा कम्पायलरने टीच्या जागी सगळ्यांचा मूळ प्रकार, म्हणजे ऑब्जेक्ट, भरला. टिंबाच्या पलीकडे जाऊन मागे वळून बघायचं काम जावाचा कम्पायलर करत नाही. ते करावं का, याचा विचार आठव्या आवृत्तीच्या आराखड्यात झाला होता. शेवटी तो भाग सोडून दिला गेला.

एवढं कळलं की दुरुस्ती सुचायला वेळ लागत नाही. लॅम्डात प्रकार लिहून टाका: ‘(दूधनोंद न) -> न.फॅट()’. किंवा लॅम्डाऐवजी मेथडचा थेट उल्लेख करा, दोन विसर्गासारखी चिन्हं देऊन: ‘दूधनोंद::फॅट’. किंवा एका ओळीच्या दोन करा. आधी ‘कम्पॅरेटर<दूधनोंद> फॅटप्रमाणे’ असं नाव आणि प्रकार देऊन तुलना बाजूला ठेवा, मग पुढच्या ओळीत ‘फॅटप्रमाणे.रिव्हर्स्ड()’ म्हणा. तिन्ही बरोबर. नवशिक्यांना मी तिसरी करायला लावते. ओळ लांबते, पण प्रकार डोळ्यांसमोर लिहिलेला राहतो आणि चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते लगेच कळतं. लॅम्डा आणि जेनेरिक्सच्या कुठल्याही एररला मी हाच पहिला उपाय सांगते: साखळी तोडा, प्रत्येक तुकड्याला प्रकार लिहून नाव द्या, पुन्हा कम्पाइल करा. जो तुकडा अडेल तो दोषी.

चौथीही एक दुरुस्ती आहे. फोटो पाठवला की तीही येऊ शकते, आणि माझ्या वर्गात ती हमखास दिसते: ‘((दूधनोंद) न).फॅट()’. म्हणजे कम्पायलरला दटावून सांगायचं की ही दूधनोंदच आहे, तू गप्प बस. कम्पायलर ऐकतो. प्रोग्रॅम चालतो. यादीही बरोबर येते. एक्स्टर्नल पूर्ण गुण देतील, कारण आउटपुट बरोबर आहे. पण ही तुलना आता फक्त दूधनोंदींची राहिली नाही, कुठल्याही ऑब्जेक्टची झाली. उद्या कोणी याच तुलनेला पशुखाद्याच्या उधारीच्या नोंदी दिल्या, तर कम्पायलर चकार शब्द काढणार नाही. प्रोग्रॅम कोसळेल तो चालू असताना, संकलनाच्या वेळी, मापाला रांग लागलेली असताना. जी चूक प्रयोगशाळेत फुकटात सापडली असती ती गावात महागात पडते. चांगली दुरुस्ती कोणती आणि नुसती तोंड बंद करणारी कोणती, हा फरक ओळखणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग येणं, असं मी मानते. आणि आपली परीक्षा नेमका हाच फरक मोजत नाही.

दुसरी एक एरर मला फार आवडते, कारण ती आमच्या मुलांना मी समजावण्याआधीच समजते, फक्त त्यांना तसं वाटत नाही. ‘दूध’ असा एक क्लास आहे. त्याचे दोन उपप्रकार, ‘गायदूध’ आणि ‘म्हैसदूध’. एक मेथड आहे, ती दुधांची यादी घेते, ‘लिस्ट<दूध>’, आणि एकूण लिटर मोजते. मुलं तिला ‘लिस्ट<गायदूध>’ देतात. कम्पायलर नाकारतो. म्हणतो, गायदुधाची यादी मला दुधाची यादी करता येत नाही. मुलं वैतागतात. गायीचं दूध हे दूध नाही का?

मी त्यांना विचारते, डेअरीत गायीच्या दुधाच्या कॅनवर ‘दूध’ एवढंच लिहिलं आणि तो कॅन समोर ठेवून दिला, तर काय होईल? कोणीतरी लगेच सांगतं, म्हशीचं ओततील ना त्यात. तेच. मेथडला यादी ‘लिस्ट<दूध>’ म्हणून मिळाली, तर त्या यादीत म्हैसदूध घालायला तिला कोणी अडवू शकत नाही, आणि बाहेर ज्याची ती यादी आहे तो अजूनही तिला निव्वळ गायीचं दूध समजत बसलेला असतो. म्हणून कम्पायलर दारातच थांबवतो. उपाय असा की मेथडच्या पॅरामीटरमध्ये ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स दूध>’ लिहायचं. म्हणजे कुठल्याही दुधाची यादी दे, मी फक्त वाचीन, ओतणार काही नाही. मग गायदूध चालतं, म्हैसदूध चालतं, आणि त्या मेथडच्या आत कोणी नवी नोंद घालायला गेला तर कम्पायलर तिथे अडवतो. जावाच्या जुन्या ॲरेमध्ये ही खबरदारी नव्हती, आजही नाही. गायदुधाचा ॲरे दुधाचा म्हणून देता येतो, त्यात म्हैसदूध घालणारी ओळ बिनबोभाट कम्पाइल होते आणि प्रोग्रॅम चालताना कोसळतो. तो अनुभव गाठीशी होता, म्हणून जेनेरिक्स इतके कडक झाले.

तिसरी एरर पुन्हा लॅम्डाची. लॅम्डाच्या आतून बाहेरची बेरीज वाढवायला गेलं की ‘इफेक्टिव्हली फायनल’ची एरर येते. तिच्यावर एका खणाचा ॲरे वापरण्याची पळवाट सगळीकडे मिळते. ती वापरू नये, बेरीज करायला ‘सम’ आहे. लॅम्डा बाहेरच्या स्थानिक व्हेरिएबलची नुसती प्रत घेऊन निघते, म्हणून त्या व्हेरिएबलची किंमत मध्येच बदललेली चालत नाही, एवढं कारण सांगितलं की मुलांच्या डोक्यात ते पक्कं बसतं.

कम्पायलर अडवतो तेव्हा तो आपल्या बाजूने उभा असतो, हे मला मुलांच्या मनात रुजवायचंय. त्यासाठी आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण पुरेसं आहे. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्या प्रोग्रॅममध्ये जिल्ह्याचं नाव नुसता मजकूर म्हणून पन्नास ठिकाणी टाइप केलेलं असेल, तिथे नाव बदलताना एखादी जागा राहून गेली तरी कम्पायलर काही बोलणार नाही. प्रोग्रॅम चालत राहील आणि जुन्या नावाच्या नोंदी एका यादीत, नव्या नावाच्या दुसऱ्या यादीत पडतील. पण जिल्ह्यांची नावं ‘ईनम’ म्हणून, म्हणजे ठरावीक नावांची बंद यादी म्हणून, एके ठिकाणी बांधलेली असतील, तर तिथे नाव बदलताच उरलेल्या प्रत्येक जागी एरर येते. चाळीस एरर, एका दमात. घाबरायला होतं खरं. पण त्या चाळीस एरर म्हणजे करायच्या कामांची आयती यादी आहे. विद्यार्थिनींना मी हा प्रयोग दोन्ही पद्धतींनी करायला लावते. एकीने मला म्हटलं, ‘मॅडम, एरर न आलेलाच प्रोग्रॅम जास्त धोक्याचा निघाला की.’ यापुढे मला त्या तासाला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एरर वाचणं हे दुय्यम, हमालीचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी जावा तयार करणाऱ्यांकडे बघावं. मार्च २०२० मध्ये आलेल्या जावा १४ मध्ये त्यांनी खास मेहनत घेऊन ‘नल पॉइंटर’ची एरर अधिक बोलकी केली. आधी ती फक्त ओळ क्रमांक सांगायची. आता त्या ओळीतलं नेमकं काय नल, म्हणजे रिकामं, होतं तेही सांगते. रस्ट या भाषेत तर एररला क्रमांक असतो, तो दिला की सविस्तर समजावणी मिळते, उदाहरणासकट. एरर चांगल्या शब्दांत मांडण्यासाठी जगभरचे कसलेले लोक राबताहेत. आणि इकडे आपण विद्यार्थ्याला ती वाचल्याबद्दल अर्धा गुणही देत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. जावाचा कम्पायलर जपानी आणि चिनी भाषेतून एरर सांगू शकतो. त्या त्या भाषेतले संदेश वेगळ्या फाइलींत ठेवलेले आहेत आणि मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. जावा तयार करणाऱ्या सन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्येच कम्पायलर खुला केला. मराठीची फाईल त्यात नाही. ती व्हावी, जरूर व्हावी. पण तिची वाट बघत बसायची गरज नाही. मुलांनी एरर इंग्रजीतच वाचावी आणि ती मराठीत समजावून सांगावी, एवढं आज, या आठवड्यात सुरू करता येतं. ‘इन्फरन्स व्हेरिएबल टी हॅज इनकम्पॅटिबल बाउंड्स’ हे वाक्य इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलालाही कळत नाही, हे मी खात्रीने सांगते. अडचण इंग्रजीची कमी आणि टी ही मोकळी जागा आहे, तिला दोन बाजूंनी दोन वेगळी नावं भरू पाहताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर नसण्याची जास्त आहे. ते चित्र ज्या भाषेत लवकर उभं राहील त्या भाषेत शिकवावं. आमच्याकडे ती भाषा मराठी आहे. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी आहे आणि पिंपरी-चिंचवडला संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरूही झाला, तेव्हा विज्ञान शाखेत व्हायवा मराठीतून घ्यायला कोणाची हरकत असण्याचं कारण नाही.

माझ्या मागणीवर तीन हरकती नेहमी येतात. पहिली, अभ्यासक्रम आधीच संपत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? माझं उत्तर असं की नवा धडा नकोच आहे. आज बारा प्रोग्रॅम टाइप करून घेता, तिथे आठ घ्या आणि चार मोडलेले द्या. टाइप केलेले बारा परीक्षेनंतर विसरले जातात, स्वतः सोडवलेले चार राहतात. दुसरी हरकत, कंपन्यांना हे नको असतं, त्यांना आउटपुट हवं असतं. ज्या माजी विद्यार्थ्यांशी माझं बोलणं होतं, खराडी-हिंजवडीत काम करणाऱ्या, ते अगदी उलट सांगतात. त्यांचा दिवस दुसऱ्यांच्या एरर वाचण्यात जातो, आणि मुलाखतीत अडखळायला झालं ते नेमकं तिथेच. तिसरी हरकत म्हणजे, एआय आल्यावर आता एरर वाचायची गरजच काय? मला वाटतं, गरज वाढली. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. वर्गात मी स्वतः ते वापरायला लावते, पण अटीवर: ‘दुरुस्त करून दे’ असं विचारायचं नाही, ‘ही एरर का आली’ असं विचारायचं, आणि मग उत्तर खरं आहे का ते कम्पायलरकडून पडताळायचं. दटावणारी दुरुस्ती आणि खरी दुरुस्ती यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला एआयने दिलेली कुठलीही ओळ चांगलीच वाटणार.

चौथी अडचण हरकत म्हणून कोणी बोलून दाखवत नाही, पण ती खरी आहे. शिकवणाऱ्यांनाच याची तयारी नाही. आमच्यातले कित्येक जण जावा शिकले तेव्हा लॅम्डा नव्हतीच. पुढे वाचायला, करून बघायला, तासिकेवर काम करणाऱ्याला वेळ कुठे आणि मानधन किती? याच नगर शहरात सावित्रीबाई फुल्यांनी सिंथिया फॅरार यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, असा या गावाचा वारसा आहे. शिक्षकाला आधी शिकवावं लागतं, हे इथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. दर वर्षी सत्र सुरू होण्याआधी चार दिवस सगळ्या कॉलेजांच्या जावा शिकवणाऱ्यांनी एकत्र बसावं, प्रत्येकाने आपल्या वर्गात आलेल्या पाच एरर आणाव्यात आणि त्या फळ्यावर सोडवाव्यात. याला मोठा निधी लागत नाही. लागतं ते एक सभागृह, आणि तासिकेवरच्या शिक्षकांना त्या चार दिवसांचं मानधन.

जिल्ह्याला हे जड नाही. विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला तो स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव, तिन्हीकडे महाविद्यालयं सुरू झाली. उसाच्या पट्ट्यात एका वर्षात तीन! ज्या जिल्ह्याने इमारती, वसतिगृहं, प्रयोगशाळा उभ्या केल्या, त्याला परीक्षेची एक स्लिप बदलणं अवघड नसावं. पेपर काढणं महाविद्यालयाच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण अंतर्गत गुण महाविद्यालयाच्या हातात असतात. सुरुवात तिथून करता येते, आणि अभ्यास मंडळावर जे आपल्या जिल्ह्याचे सदस्य आहेत त्यांनी उरलेला आग्रह धरावा.

स्लिप कशी असावी तेही सांगते, म्हणजे ‘तपासणार कसं’ हा प्रश्न राहणार नाही. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम, त्यात एकच मूळ चूक. सोबत कम्पायलरचं जसंच्या तसं उत्तर, सगळ्या ओळींसह. विद्यार्थ्याने आधी लिहायचं की कम्पायलरला काय कळलं आणि काय कळलं नाही. मग दोन दुरुस्त्या करून दाखवायच्या, आणि दोन्हींपैकी कोणती ठेवाल व का ते दोन वाक्यांत. भाषा मराठी किंवा इंग्रजी, ज्याला जी जमेल ती. एकापेक्षा जास्त एरर दिसत असतील तर पहिली कुठली घ्यायची हेही त्याने ठरवायचं. पहिली सोडवली की पुढच्या निम्म्या बऱ्याचदा आपोआप जातात, हे कळणंही गुण देण्याजोगं आहे. एक्स्टर्नलना पाच मिनिटांत तपासता येईल. पाठ करून येणाऱ्याला यात काही करता येणार नाही, कारण तीच चूक दर वर्षी वेगळ्या प्रोग्रॅममध्ये पेरता येते.

माझ्याकडे अशा मोडलेल्या प्रोग्रॅमांचा संच तयार आहे. दुधाच्या नोंदी, घोडेगावच्या बाजारातले कांद्याचे लिलाव, पाटपाण्याची आवर्तनं, एसटीचे पास. विषय सगळे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. प्रत्येकाबरोबर एररचा पूर्ण मजकूर, तिचा मराठीत अर्थ, चांगल्या दुरुस्त्या आणि टाळायच्या दुरुस्त्या लिहिलेल्या आहेत. जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाने तो न्यावा, त्यात आपल्या वर्गातल्या चुका घालाव्यात आणि दिवाळीनंतरच्या सत्रात अंतर्गत परीक्षेला निदान एक स्लिप त्यातली लावावी.